नाताळच्या झाडाभोवती जुनी पत्र्याची आगगाडी चालवताना

झाडाभोवती गाडी घसरली की दोष बहुधा इंजिनाला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा रुळाचा असतो, आणि रुळाचा नसेल तर खालच्या जमिनीचा. म्हणून आधी जमीन, मग रूळ, मग डबे आणि शेवटी इंजिन, असा क्रम ठेवावा. पन्नास-साठ वर्षे माळ्यावर पडून राहिलेली गाडी थेट चावी देऊन सोडली, तर तिचे नुकसान पहिल्या पाच मिनिटांतच होते.

इथे सांगितलेले सगळे ओ गेजच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे दोन बाहेरच्या रुळांत सुमारे ३२ मिलिमीटर अंतर असणाऱ्या. लिव्हरपूलच्या हॉर्नबीच्या (१९२० पासून निघालेल्या) पत्र्याच्या गाड्या, अमेरिकेच्या लायोनेलच्या आणि मार्क्सच्या, जर्मनीच्या बिंग व मार्कलिनच्या बऱ्याचशा गाड्या याच मापाच्या असतात. दोनच रूळ असतील तर गाडी बहुधा चावीची. मधे तिसरा रूळ असेल तर विजेची.

जमीन

आपल्याकडच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी गाडीला चालत नाही. दोन फरश्यांमधला सांधा एक-दोन मिलिमीटर वरखाली असला, तरी पत्र्याचा हलका रूळ तिथे डुलतो. सतरंजी, गालिचा त्याहून वाईट, कारण त्यांचे धागे चाकांच्या आसात गुंडाळले जातात. १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्या. ६ मिलिमीटरचे स्वस्त पडते, पण ते वाकते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत प्लायवूड घेताना दुकानातच ८ बाय ४ फुटी पाट निम्मा करून ४ बाय ४ चा तुकडा मागा आणि त्याचे पुन्हा ४ बाय २ चे दोन भाग करून घ्या. दोन्ही भागांच्या लांब कडेच्या मध्यावर ७ इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापा. भाग जोडले की मधे १४ इंचांचे भोक तयार होते. झाड जमिनीवरच उभे राहते आणि पाट त्याच्याभोवती येतो. कुंडीचे वजन पाटावर पडत नाही, आणि गाडी दुरुस्तीला काढताना झाड हलवावे लागत नाही. दोन्ही भाग कडेला, रुळाच्या बाहेर, लोखंडी पट्टी आणि स्क्रूने जखडा.

पाणसळ नसेल तर पाटावर चार ठिकाणी गोटी ठेवून बघा. ती घरंगळली तर त्या बाजूला पुठ्ठ्याची चकती सारा. गोटी स्थिर राहीपर्यंत रूळ मांडू नका.

एक फूट त्रिज्येचे वर्तुळ या पाटावर आरामात बसते. लायोनेलचे २७ इंच व्यासाचे वर्तुळही बसते. दोन फूट त्रिज्येच्या रुळांना मात्र किमान ५ बाय ५ फूट जागा लागते. एक फुटी वळणावर चार चाकांचे छोटे डबेच चालवा. लांब बोगीचे (दोन्ही टोकांना चाकांचा वळणारा सांगाडा असलेले) डबे तिथे हुकात अडकतात आणि एकमेकांना रुळाबाहेर ओढतात. झाडाच्या स्टँडचे पाय १३ इंचांच्या आत हवेत आणि सर्वांत खालची फांदी पाटापासून किमान ८ इंच वर हवी.

बर्फ दाखवायला झाडाखाली कापूस पसरण्याची पद्धत आहे. ती सोडून द्या. कापसाचा एक तंतू आसात गेला की पाठोपाठ दहा जातात, आणि चावीची गाडी दोन फेऱ्यांत थांबते. पाटावर पांढरे मांजरपाट ताणून, कडेने खालून स्टेपल करून बसवले तर दिसायलाही छान आणि गाडीलाही त्रास नाही. कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचे असेल तर रूळ मांडण्याआधी घाला, नंतर घालायचे तर नळीच्या झारीने. रुळावर पडलेला थेंब दुसऱ्या दिवशी तांबेरा होतो.

रूळ

लाकडाची एक चपटी पट्टी बरोबर ३२ मिलिमीटर रुंद घासून घ्या. शक्यतो व्हर्नियरने मोजा. ही पट्टी प्रत्येक रुळाच्या तुकड्यातून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. अडली तर रूळ चेपला आहे, सैल हलली तर फाकला आहे. पाय पडलेले तुकडे नेमके मध्यावर फाकलेले असतात. पकडीने स्लीपरजवळ (रुळांखालच्या आडव्या पट्टीजवळ) धरून हळूहळू आत घ्या आणि पुन्हा पट्टी फिरवा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण गाडी घसरण्याची निम्मी कारणे इथेच संपतात.

मग सांध्यांच्या पिना. पिन सैल असेल तर समोरच्या रुळाचे पोकळ टोक अरुंद तोंडाच्या पकडीने किंचित दाबा. दोन रूळ जोडल्यावर सांध्यावरून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर चाकालाही लागणार. हॉर्नबीच्या रुळांना सांधे धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा असतात. त्या हरवल्या असतील तर शेवटच्या स्लीपरला बारीक तारेचा वेढा द्या. तिसरा रूळ असलेल्या ट्रॅकवर ही तार मधल्या रुळाला अजिबात टेकू देऊ नका.

गंज काढायला पॉलिश पेपर नको. त्याने वरचा कथलाचा थर जातो आणि उघडे लोखंड पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजते. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले जाडे फडके आणि साधे खोडरबर पुरते. विजेच्या गाडीच्या रुळावर लोखंडी काथ्या तर कधीच वापरू नका. त्याचे कण मोटारीत जाऊन शॉर्ट करतात.

डबे आणि चावीचे इंजिन

प्रत्येक डबा पाटावर हलकेच ढकला. दोन फूट सरळ गेला तर ठीक. एका बाजूला वळला तर आस वाकला आहे किंवा चाक आसावर सरकले आहे. जुन्या ओतीव चाकांना कधीकधी बारीक भेगा पडून ती फुगलेली दिसतात. मूळ जस्ताच्या मिश्रधातूतच अशुद्धी राहिल्याने असे होते, त्याला उपाय नाही. चाके बदला. कोल्हापूरच्याच उद्यमनगरात लेथवर नमुन्यावरून पितळी चाके करून मिळतात. नमुना देताना बाजूचा कंगोरा शाबूत असलेले चाक निवडा आणि आसाचा व्यास लिहून द्या.

चावीच्या इंजिनात तेल न घालता चावी फिरवू नका. आधी जुने, घट्ट झालेले ग्रीस काढायचे. बॉडी स्क्रूने बसवली असेल तर सोपे. पत्र्याच्या कानांनी बसवली असेल तर कान गरजेपुरताच उचला. दोन-तीन वेळा सरळ-वाकडा केला की तो तुटतोच, आणि मग डाग (सोल्डर) द्यावा लागतो, ज्याच्या उष्णतेने शेजारचा छापील रंग करपतो. बाहेर काढलेले यंत्र टर्पेंटाइनमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा आणि दिवसभर वाळू द्या. टर्पेंटाइनचा थेंब रंगीत बॉडीवर पडता कामा नये.

तेल म्हणजे शिलाई मशीनचे पातळ तेल, दाभणाच्या टोकाने, प्रत्येक आसाच्या भोकाशी एक थेंब. कमानीच्या (चावीच्या स्प्रिंगच्या) वेटोळ्यांत थोडे ग्रॅफाइट ग्रीस. खोबरेल बिलकूल नको: डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत ते यंत्रातच थिजते आणि पुढे चिकट होते. तेल जास्त झाले तरी नुकसान आहे, ते रुळावर गळते आणि चाके जागच्या जागी फिरतात. कमान कधीच उघडू नका, सुटली तर बोट कापते.

चावी देताना इंजिनाचा ब्रेक लावलेला हवा. पहिल्यांदा निम्मीच चावी द्या, मागे दोन-तीन डबे जोडा, जड डबा इंजिनाला लागून आणि हलका शेवटी, मग रुळावर ठेवून ब्रेक काढा. एकटे इंजिन पूर्ण चावीवर एक फुटी वळणावर सोडले तर ते पहिल्याच फेरीत बाहेर उडते. हातात उचलून चाके मोकळी फिरवू देऊ नका. ओझे नसताना यंत्र इतके जोरात फिरते की दाते झिजतात.

विजेची गाडी

अमेरिकेतून आलेला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर जळतो. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मधे लावूनही, ६० हर्ट्झसाठी केलेला असल्याने आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो. वायरचे जुने कापडी किंवा रबरी आवरण तडकले असेल तर तो वापरायचा नाही. चांगला पर्याय म्हणजे १२ व्होल्ट ५ अँपिअरचा डीसी अडॅप्टर, पुढे डीसी मोटारचा स्पीड कंट्रोलर आणि एका वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज. लायोनेलच्या जुन्या मोटारी एसी-डीसी दोन्हींवर चालतात. शिट्टीचा डबा मात्र जोडू नका, त्याची शिट्टी डीसीवरच वाजते, म्हणजे ती अखंड वाजत राहील.

एक तार मधल्या रुळाला, दुसरी बाहेरच्या रुळाला. झाडावरची चमकी पडून मधला आणि बाहेरचा रूळ जोडला गेला की फ्यूज उडतो, म्हणून खालच्या फांद्यांवर चमकी लावू नका. वीज जाऊन परत आली आणि लायोनेलचे इंजिन जागचे हलेना, तर ते बिघडलेले नसते. वीज तुटली की त्याचा आतला स्विच पुढे, थांबा, मागे, थांबा असा एक-एक टप्पा सरकतो. पुरवठा क्षणभर बंद करून पुन्हा चालू करा.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. लहान मुलांच्या तोंडात डबे जाऊ देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवायला लावा.

आवरताना कमान पूर्ण उतरवा, म्हणजे गाडी थांबेपर्यंत चालू द्या. बॉडी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. छापील रंगावर स्पिरिट चालत नाही. प्रत्येक डबा बटर पेपरमध्ये गुंडाळा. बबल रॅपचे गोल ठसे रंगावर उमटतात आणि वर्तमानपत्र ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा, डांबरगोळ्या घालू नका. गौरी-गणपतीच्या आराशीला हीच गाडी काढणार असाल तर समईच्या तेलापासून लांब मांडा. नसाल काढणार, तरी त्या सुमारास डबा एकदा उघडून पुड्या बदला.