टॅब घेऊ का हलका लॅपटॉप? आधी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा

परवा दाजींचा फोन आला, काय पाव्हणं, फिरतीवर न्यायला टॅब घेऊ का हलका लॅपटॉप, तुमच्याकडं दोन्ही हाय म्हणून विचारतोय. दोन्ही आहेत हे खरंय पण हौसेनं नाहीत ओ, आधी टॅब घेतला, त्यात माझं काम होईना म्हणून सहा महिन्यांनी लॅपटॉप घेतला, म्हणजे दोनदा खिसा रिकामा. मग दाजींना फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहून टाकतो.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी साताऱ्यात हिशोब आणि टॅक्सचं काम करतो, आठवड्यातनं एकदा तरी पुणे ठरलेलं, सकाळी स्टँडवरनं स्वारगेटची विनाथांबा पकडायची, जाताना-येताना वाटेत खंबाटकी. जुना लॅपटॉप १५.६ इंची, चार्जरसकट अडीच किलोच्या घरात, संध्याकाळपर्यंत खांदा उतरायचा. एकदा शेजारच्या सीटवर एक पोरगं टॅबवर निवांत काम करताना दिसलं आणि डोक्यात बसलं की आपल्याला हेच पायजे. ११ इंची टॅब घेतला. पहिले पंधरा दिवस मी राजा! मग टायपिंग जमेना म्हणून कीबोर्डवालं कव्हर घेतलं, मग पेन घेतलं, मग पेनड्राईव्ह लावायला अडॅप्टर. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला गेलो होतो, पिशवीत टॅब होता, सहज काट्यावर ठेवला. टॅब ५०० ग्रॅम, कव्हर ५८० ग्रॅम. झाले १ किलो ८० ग्रॅम. मॅकबुक एअर १३ इंची १.२४ किलोचा आहे, आणि विंडोजचे १४ इंची हलके लॅपटॉप साधारण १.२ ते १.५ किलोत मिळतात. म्हणजे एवढा खटाटोप करून मी वाचवले १६० ग्रॅम, पाव किलो कंदी पेढेसुद्धा नाहीत!

त्यामुळं पहिलं काम हे करा. जाहिरातीत लिहिलेलं वजन विसरा, तुम्ही खरोखर पिशवीत जे जे टाकणार ते सगळं धरून वजन काढा, कीबोर्ड, चार्जर, केबल, माऊस, सगळं. आणि ते वजन तुम्हाला जड आहे का नाही हे बघायला तेवढी साखर सॅकमध्ये भरून एकदा अजिंक्यतारा चढून या. हसू नका, मी केलंय. दीड किलोचं मला काही वाटलं नाही, अडीच किलोला मात्र वर पोचल्यावर पट्टा खांद्यात रुतला होता. म्हणजे माझा प्रॉब्लेम लॅपटॉप नव्हताच, जुना जड लॅपटॉप होता.

पैशाचंही तसंच. २०२२ ला दहाव्या पिढीचा आयपॅड आला तेव्हा किंमत ४४,९०० होती आणि त्याचा कीबोर्डवाला फोलिओ २४,९००. बेरीज करा, ६९,८००. एवढ्यात चांगला हलका लॅपटॉप येतो. टॅब स्वस्त पडतो तो नुसता टॅब घेतला तर.

आता मुख्य गोष्ट, आणि इथंच सगळे घाई करतात. एक कागद घ्या आणि मागच्या दोन फेऱ्यांत तुम्ही खरंच काय काय केलं ते लिहा. काय करणार आहे ते नको, काय केलं ते. कारण आपण सगळे मनात म्हणत असतो की प्रवासात वाचन करीन, नोट्स काढीन, नवीन काहीतरी शिकीन, आणि प्रत्यक्षात शिरवळ यायच्या आत घोरत असतो. कागदावर लिहून झालं की बघा त्यातलं किती नुसतं बघायचं काम होतं, म्हणजे पीडीएफ, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, गिऱ्हाईकाला कॅटलॉग दाखवणं, आणि किती बसून करायचं काम होतं, म्हणजे एक्सेल भरणं, कोटेशन बनवणं, टॅली. बघायचं काम जास्त असेल तर टॅब, डोळे झाकून. करायचं काम असेल तर मात्र अजून एक प्रश्न, त्यातलं असं कोणतं काम आहे जे टॅबवर होतच नाही? तसलं एक जरी निघालं आणि ते फिरतीवरच करावं लागत असेल तर बाकीच्या दहा गोष्टींना काय अर्थ नाय.

माझ्यासाठी ते एक काम म्हणजे डीएससी, म्हणजे डिजिटल सही. जीएसटी रिटर्न कंपनी किंवा एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं) असेल तर ही सहीच लागते, प्रोप्रायटरचं ओटीपीवर होतं. ती सही असते यूएसबी टोकनमध्ये, तिला टोकनचा ड्रायव्हर लागतो, वरनं एमसाइनर हे सही उमटवायचं सॉफ्टवेअर लागतं, आणि हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं, टॅबवर नाही. २० तारखेला रात्री मी लॉजवर, ३बी म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचं राहिलेलं, हातात टोकन, समोर झकास ११ इंची स्क्रीन, आणि टोकन घालून उपयोग शून्य. रात्री साडेनऊला सायबर कॅफे शोधत फिरलो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अशिलाचं टोकन लावायचं म्हणजे जीवाला घोर, पण लावलं. त्याच रात्री ठरवलं लॅपटॉप घ्यायचा.

बाकीचीही अशी कामं आहेत, तुमचं कोणतं ते बघा. टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, रिपोर्ट ब्राउझरमध्ये बघता येतात पण एन्ट्री मारायला कॉम्प्युटरच लागतो. लोक म्हणतात एनीडेस्क टाकून टॅबवरनं ऑफिसचा पीसी चालवा, चालतं की, पण ऑफिसात लाईट पाहिजे, पीसी चालू पाहिजे, इकडं नेट पाहिजे, आणि तीनही एका वेळी असायला नशीब पाहिजे. एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर टॅबवर ते चालत नाहीत, फाईल उघडते आणि आपल्याला वाटतं झालं काम, पण बटण दाबलं की ढिम्म. आणि वर्ड-एक्सेलच्या ॲपमधली फुकटातली एडिटिंग १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवरच आहे, त्याच्यापेक्षा मोठा टॅब घेतला की वर्गणी भरा, हे दुकानदार सांगत नाही, मलाही घरी आल्यावर कळलं.

मराठीचं वेगळंच. युनिकोडमध्ये टाइप करायचं तर टॅब उलट सोपा, जीबोर्ड टाकला की बोलूनसुद्धा मराठी लिहिता येतं आणि बऱ्यापैकी बरोबर येतं. पण तुमचा संबंध डीटीपीवाल्यांशी, पत्रिका-हँडबिल छापणाऱ्यांशी किंवा जुन्या सोसायटीच्या कागदपत्रांशी येत असेल तर फाईली श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्या टॅबवर उघडल्या की ते फॉन्ट नसल्यामुळं अक्षरांचा नुसता काला दिसतो. लॅपटॉपवर फॉन्ट टाकून मोकळं होता येतं.

आता बसायचं कुठं ते बघू, कारण घरी टेबलावर सगळंच भारी वाटतं. एसटीत समोर टेबल नसतं. पुढच्यानं सीट मागं केली की १४ इंची लॅपटॉपचा पडदा पूर्ण उघडत नाही, वरनं गाडी उड्या मारती. बसमध्ये लॅपटॉपवर काम करणारे मी बघितलेत, पण दहा मिनिटांनी ते बंदच करतात. टॅब मात्र उभ्यानंसुद्धा एका हातात धरता येतो. पण कीबोर्ड कव्हर असलेला टॅब मांडीवर? त्याचा मागचा स्टँड घसरतो, मांडीवर लॅपटॉपच बरा बसतो. म्हणजे कीबोर्डवाला टॅब बसमध्ये लॅपटॉपपेक्षाही वाईट, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

चार्जिंग. महालक्ष्मी एक्सप्रेस साताऱ्यात येते तीच रात्री, आणि बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, त्यामुळं माहुलीच्या स्टेशनवर (साताऱ्याचं स्टेशन तेच) जातानाच बॅटरी फुल पाहिजे. डब्यातल्या पॉइंटला बऱ्याचदा ११० व्होल्ट असतात, घाबरायचं नाही, चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असलं की चालतं. पॉवरबँकमध्ये मात्र लोक फसतात. १०,००० एमएएचचा साधा फोनचा पॉवरबँक लॅपटॉपला लावला तर बहुतेक वेळा काही होत नाही, लॅपटॉपला टाइप-सीमधनं ४५ ते ६५ वॉट लागतात. टॅबचं २० वॉटच्या आसपास भागतं, फोनच्याच चार्जरवर चालून जातं, हा टॅबचा मोठा प्लस पॉइंट. २०,००० एमएएचचा पॉवरबँक म्हणजे ७४ वॉट-अवर (२० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट), हलक्या लॅपटॉपची बॅटरी ५०-५५ ची असते, वाया जाणारं धरलं तर एकदा भरतो. १०-११ इंची टॅबची ३० च्या आसपास असते, तो जवळजवळ दोनदा भरतो. विमानानं जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतचा पॉवरबँक चालतो आणि तो हातातल्या बॅगेतच ठेवायचा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

नेट आणि नकाशा. बामणोली-तापोळ्याकडं गेलात की रेंज कधी सोडून जाईल सांगता येत नाही, टॅब काय आणि लॅपटॉप काय, फायली आधीच उतरवून ठेवायच्या. टॅब सिमवाला घ्यायचा का वायफायवाला हे ठरवताना एक लक्षात ठेवा, नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. ॲन्ड्रॉइडच्या बऱ्याच वायफाय टॅबमध्ये असतं. गाडीत समोर लावून मॅप बघायचं मनात असेल तर हे आधी तपासा, नाहीतर नुसता मोठा फोटो दिसत राहील. पिक्चर बघायला म्हणाल तर टॅबच, विंडोजच्या नेटफ्लिक्स ॲपमधली डाउनलोडची सोय २०२४ ला काढून टाकली, टॅबवर ती अजून आहे.

पावसाळ्याचं आपल्याकडं विचारूच नका. जुलैत महाबळेश्वरला गेलात तर बॅगेतली सुकी बनियनसुद्धा ओली लागती. पाण्याला टिकणारे, म्हणजे आयपी६८ वाले टॅब मिळतात, सॅमसंगची टॅब एस९ सिरीज तशी आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये पाणी शिरलं की विषय संपला. सॅकला रेनकव्हर असलं तरी आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा, मी ठेवतो.

कासला फुलांचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी टॅबचा विचार जरूर करा. टाइप-सी कार्ड रीडर लावला की फोटो थेट टॅबवर येतात, लाइटरूम हे फोटो सुधारायचं ॲप चालतं, आणि पेननं एखाद्या पाकळीवरची सावली उचलायला जी मजा येते ती माऊसनं नाही. फक्त स्टोरेज बघून घ्या, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातला मूळ फोटो एकेक २५-३० एमबीचा, दिवसभरात हजार काढले तर १२८ जीबीचा टॅब तीन-चार फेऱ्यांत भरतो. आणि मावशी-काकू यात्रेला निघाल्या असतील तर प्रश्नच नाही, टॅब द्या, त्यात कीर्तनं भरून द्या, अक्षर मोठं करून द्या.

तो टू-इन-वन प्रकार, म्हणजे कीबोर्ड सुटा होणारा विंडोजचा टॅब, मला फारसा पटत नाही, टॅब म्हणून जड आणि मांडीवर तीच घसरगुंडी. पण विंडोज पूर्ण असतं त्यामुळं ज्याला पेनही पायजे आणि टॅलीही पायजे त्यानं बघावा. आणि २०२४ पासून जे स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे लॅपटॉप आलेत ते बॅटरीला लय भारी, हलकेही आहेत, पण त्यांना ड्रायव्हर वेगळे लागतात, जुना प्रिंटर किंवा टोकन चालेलच असं नाही. मी त्या भानगडीत पडलो नाही.

दुकानात जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. पेनड्राईव्हमध्ये तुमची स्वतःची सगळ्यात मोठी एक्सेल फाईल न्या, जुनी मराठी फाईल न्या, टोकन असेल तर टोकन न्या. डेमो पीसवर ती फाईल उघडा, पाच ओळी टाइप करा, मांडीवर ठेवून बघा, लाजू नका, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो का विचारा, गोल पिनचा चार्जर असेल तर पॉवरबँक विसरा. रॅम १६ जीबी घ्या, हलक्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ती बोर्डावर चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही.

दाजींचं काय झालं विचाराल तर त्यांच्या कागदावर नऊ कामं निघाली, ठिबकचे कॅटलॉग दाखवणं, शेतावरचे फोटो पाठवणं, ऑर्डर व्हॉट्सॲपवर टाकणं, असलीच. एक्सेल एकच, तेही महिनाअखेरीला, घरी बसून, पोरीच्या कॉम्प्युटरवर. सिमवाला टॅब घ्या म्हटलं, कीबोर्ड घेऊ नका. टॅब घेतला. काल फोन आला, पाव्हणं, ह्याला कीबोर्ड कुठला चांगला?