कोन कशात मोजायचा?

लाकूड कापायचं किंवा कागदावर आकृती काढायची असेल तर अंशच बरे. ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे आकडे सुटसुटीत येतात.

उतार काढताना मात्र कोनमापक बाजूला ठेवा. ‘एक अंश उतार द्या’ म्हटलं तर जमिनीवर मोजणार काय? ‘मीटरला साडेसतरा मिलिमीटर’ म्हटलं की टेप आणि पाणसळ घेऊन लगेच काम सुरू होतं, आणि उतार जवळजवळ तोच. टक्क्यांत दिला असेल तर जपून: १०० टक्के उतार म्हणजे मीटरला एक मीटर, म्हणजेच ४५ अंश, ९० नव्हे!

रेडियन (त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्रापाशी होणारा कोन) हिशेबासाठी. ३० सेंटिमीटर त्रिज्येचं चाक २ रेडियन फिरलं की कड ६० सेंटिमीटर सरकते, नुसता गुणाकार. स्प्रेडशीटमधली साइन-कोसाइनची सूत्रंही कोन रेडियनमध्येच धरतात. कॅल्क्युलेटर हातात घेतला की मी आधी साइन ३० काढून बघतो. ०.५ आलं तर तो अंशांवर आहे, उणे ०.९८८ आलं तर रेडियनवर.

आणि नकाशावरचे १८ अंश ३० मिनिटं १८.३० असे कधीच लिहू नका. ते १८.५ अंश होतात.