गीझर आणि सोलर: थंडी पडायच्या आत या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्करात (फौजेत नव्हे, आमच्या वस्तीचंच नाव ते) नरकचतुर्दशीच्या पहाटे माझा फोन तीन-चारदा तरी वाजतो. उटणं लावून माणूस पाटावर बसलेला असतो आणि गीझर गार. मार्चपासून बंद असलेलं यंत्र पहाटे साडेचारला पहिल्यांदा चालू करायचं आणि वर कंपनीला शिव्या द्यायच्या! दसऱ्याला हत्यारं पुजताना गीझरचं बटणही दाबून बघितलं, तर माझी झोप वाचेल.

आणि बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा. धार फुसफुसत, तुटत येत असेल तर टाकीत अजून हवा आहे. कोरड्या टाकीत दोन हजार वॉटचा एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी) काही मिनिटांत जळतो. आमच्याकडे पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे माझी सवय एकच: आधी नळ, मग बटण.

आता माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक. गीझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी पितळेचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब पडतात, आणि लोकांना ते बघवत नाही. आपल्या आज्यांच्या तांब्याच्या बंबाला वरून झाकण असायचं, पाणी फुगलं तरी वाट मोकळी. गीझर मात्र चहूबाजूंनी बंद. 25 लिटर पाणी 10 अंशांवरून 60 अंशांवर नेलं की ते साधारण 400 मिलीने फुगतं, म्हणजे दोन पेले भरून. ते जाणार कुठे? जुन्या जोडणीत बऱ्याचदा ते गार पाण्याच्या नळीतून मागे वरच्या टाकीकडे सरकायचं, म्हणून कुणाला दिसायचं नाही. नव्या व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे ते थेंबाथेंबाने बाहेर येतं. 'जुना टपकत नव्हता, नवा टपकतो' या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे.

आमच्या मागच्या आळीत एका वहिनींनी नव्या फरशीवर डाग पडतात म्हणून मिस्त्री बोलावला. पोरगा विशी-बाविशीचा, घाईत. "आंटीजी, टपक रहा है, डाट लगा देते हैं," म्हणाला आणि व्हॉल्व्हच्या तोंडात टेफ्लॉन गुंडाळलेला डाट आवळून, दोनशे रुपये घेऊन गेला. दोन आठवडे सगळे खूश. संक्रांतीच्या सकाळी गीझरला जोडलेली स्टीलच्या जाळीची नळी फुटली आणि उकळतं पाणी समोरच्या भिंतीवर फवाऱ्यासारखं आदळलं. सुदैवाने मोरीत कुणी नव्हतं. वहिनी तिळाची वडी थापत होत्या, हातात लाटणं घेऊन धावत आल्या. मी गेलो, मेन बंद केला आणि आधी तो डाट काढून त्यांच्या हातात दिला. नळी कच्ची होती म्हणून ती फुटली. ती पक्की असती आणि पाणी पुरेसं तापलं की वीज थांबवणारा थर्मोस्टॅटही अडकला असता, तर टाकी फुटली असती, आणि मग भिंतसुद्धा जागेवर राहत नाही.

थेंब नको असतील तर व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत न्या. दिवसभर, गीझर बंद असतानाही टपकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मी रात्री गीझर बंद करून खाली मग ठेवतो. सकाळी मग भरलेला दिसला तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकलेत किंवा गच्चीवरचा प्रेशर पंप जास्त जोर लावतोय. व्हॉल्व्हला खिट्टी असेल तर ती एकदा उचलून पाणी वाहू द्या, बऱ्याचदा तेवढ्याने कचरा निघतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. 2000 वॉटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, 16चा घ्या. पाण्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या क्षणी मेन बंद, आणि अर्थिंग व एलिमेंट तपासल्याशिवाय अंघोळ नाही. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) काढून टाकणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. पाणी फाजील तापलं की वीज तोडणाऱ्या कटआउटचं रीसेटचं बटण, तेही मेन बंद करून, एकदा दाबणं ठीक. आठवड्यात तिसऱ्यांदा दाबायची वेळ आली तर थर्मोस्टॅट गेलाय. आणि जानेवारीत पाणी उशिरा तापतं ही तक्रार घेऊन तर येऊच नका: 12 अंशांचं 25 लिटर पाणी 57 अंशांपर्यंत न्यायला या गीझरला चाळीस मिनिटं लागतात, त्याला गणित म्हणतात.

गॅस गीझर बंद मोरीत लावलेला दिसला की मी पुढचं ऐकूनच घेत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आत गेलेलं माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतं. तो मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

सोलरच्या, म्हणजे गच्चीवरच्या उन्हावर पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र मी स्वतःच माती खाल्ली आहे. डिसेंबरात ऊन लख्ख, धुकं नाही, तरी सकाळी पाणी कोमट. काचेच्या नळ्या गेल्या, असं मिस्त्री म्हणाला, आणि मी, आयुष्यभर वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवलेला माणूस, मान डोलावून चार नळ्या बदलून घेतल्या. नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, म्हणजे तिथे हवा शिरली की तिच्या टोकाचा चंदेरी भाग दुधासारखा पांढरा होतो. खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं, चारही चंदेरीच होत्या. पाणी कोमटच राहिलं. शेवटी कपडे वाळत घालताना सूनबाईने विचारलं, "बाबा, सोलरच्या हवेच्या पाइपाखाली रोज ओल का असते?"

तिथे उलगडा झाला. नातवाच्या मोरीत हँडशॉवर बसवला होता. तो हातातलं बटण दाबून पाणी थांबवायचा, मिक्सरच्या, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या दोन्ही चाव्या उघड्याच. गार पाण्याला पंपाचा जोर, गरम पाणी आपलं उतारावरून येणारं. रात्रभर पंप गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम नळीत आणि तिथून सोलरच्या टाकीत ढकलत होता. टाकीतलं चांगलं गरम पाणी हवेच्या पाइपातून गच्चीवर. गरम नळीवर पाणी उलटं जाऊ न देणारी झडप बसवली आणि चाव्या बंद करायची तंबी दिली. नळ्यांचे पैसे गेले ते गेलेच. ती ओल थांबवायला मीही त्या पाइपाला बूच मारायच्या बेतात होतो, हे वहिनींना अजून सांगितलेलं नाही. ते बूच बसलं असतं तर पाणी उपसताना आत हवाच शिरली नसती आणि टाकी पत्र्याच्या डब्यासारखी आत चेपली असती.

आणखी एक, सोलर कोरडा पडला असेल तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. सूर्य मावळू द्या. तेवढा धीर नसणारे गिऱ्हाईक नळ्या विकणाऱ्याला फार आवडतात.

बोअरचं पाणी असेल तर गीझर 60 अंशांच्या वर ठेवू नका, त्यापुढे क्षार झपाट्याने बसतात, आणि टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी वर्षा-दोन वर्षांनी काढून बघा. गेल्या खेपेला आमच्या टाकीतून निघालेला पांढरा चुरा मी बरणीत भरून ठेवलाय. 'दर वर्षी साफ करायलाच हवं का हो?' असं कुणी विचारलं की चहाच्या आधी ती बरणी पुढे करतो.