डबा आधी, बाकीचं मग

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडे किंवा चंदगडच्या किल्ल्यांवर जायचं ठरलं की पहिली धावपळ बुटांची होते, दुसरी रेनकोटची. डबा मात्र निघायच्या सकाळी, मांडणीवरचा हाताला लागेल तो. माझं म्हणणं उलट आहे. अडीअडचणीचं सामान भरायचा हा डबा चार दिवस आधी काढा. वाटेत अडकून पडलात तर तीच तुमची पेटी, तेच पातेलं आणि तोच पेला. कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अंगावर येतो आणि रात्र पलीकडेच काढावी लागते. तयारी त्या एका रात्रीची करायची, वनवासाची नव्हे.

कोणता डबा? मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे आपल्याकडे नात्यात एखादा तरी निवृत्त फौजी असतोच आणि त्यांच्या माळ्यावर मेस टिनही असतं. एकात एक बसणारे दोन चौकोनी डबे, घडी होणारा दांडा. मागून बघा, बहुतेक देतात; आमच्या मामांनी दिलं, पण "घासून परत आण" असं तीनदा बजावून. ते नसेल तर दुधाची स्टीलची किटली घ्या, दीड लिटरची. वरची कडी असल्यामुळे तिला काठीला अडकवून जाळावर टांगता येतं, भाजत नाही, कलंडत नाही, आणि झाकण घट्ट बसतं. खडेबाजारात नवी घ्यायला गेलात तर कडीचे कान नीट जोडलेत का ते ओढून बघा. कान निखळला की किटली चुलीतच.

स्टील की अॅल्युमिनियम यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो. अॅल्युमिनियम हलकं, आणि उष्णता स्टीलच्या सुमारे पंधरा पट चांगली पसरवतं, त्यामुळे भात बुडाला लागत नाही. पण त्यात चिंच, कोकम, ताक उकळू नका. आंबटाने धातू उतरतो. रिकामं भांडं निखाऱ्यावर विसरलात तर वाकडंही होतं. स्टील सगळं सोसतं, फक्त ज्योत लागते तिथेच तापतं. म्हणून स्टीलमध्ये खिचडी करायची तर ज्योतीवर नको, निखाऱ्यावर, आणि पाणी हात सैल सोडून. मी स्टीलवाला आहे, वाद मिटला असं समजू नका.

आता आगीवर काय जाऊ द्यायचं नाही ते. दोन थरांचा थर्मास कधीच नाही. थरांमधली पोकळी बंद असते, तापली की फुटते. जस्ताचा मुलामा असलेली बादली नाही. कल्हईचं पितळी भांडं कोरडं तापवायचं नाही, कथील २३२ अंशांनाच वितळतं. छापील बिस्किटांचा डबा आणि आतून लेप दिलेला तयार खाण्याचा डबा यांत शिजवायचंच नाही. आणि क्लिपांचा, रबरी रिंगवाला डबा. हा माझा स्वतःचा पराक्रम. उसळ गरम करायची म्हणून क्लिपा न उघडता तो निखाऱ्याशेजारी ठेवला होता. झाकण उडालं, उसळ शेजारच्याच्या जॅकेटवर गेली आणि रिंग काळी होऊन डब्याला चिकटली. तेव्हापासून नियम असा: आगीवर जाणाऱ्या डब्याचं झाकण नुसतं टेकवायचं, आणि कोणताही नवा डबा आधी घरच्या गॅसवर पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायचा. रंग सुटतो, वास येतो, कान हलतो, जे व्हायचं ते परसात होऊ दे.

झाकणातून पाणी जातं का, हेही घरीच बघा. आत वर्तमानपत्राचा बोळा ठेवून डबा अर्धा तास बादलीत दाबून धरा. बोळा भिजला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून सांध्यावर चढवा. पंक्चरवाला फुकट देतो. हीच पट्टी पुढे कामाची आहे: ट्यूबचा तुकडा ओला असला तरी पेटतो, आणि ओल्या काटक्या धरेपर्यंत जळत राहतो. डबा चुलीवर ठेवताना मात्र ती आधी काढा.

भरताना उलटं भरायचं. जे अंधारात, थरथरत्या हातांनी पहिल्यांदा लागणार ते सगळ्यात वर. म्हणजे वर टॉर्च आणि शिटी, त्याखाली छोट्या प्लास्टिकच्या डबीत आगपेटीच्या काड्या आणि पेटीची खरखरीत पट्टी, लायटर, मेणबत्तीचं थोटूक. मग चाकू, सुई-दोरा, सेफ्टी पिना, चार मीटर सुतळी. मग बँडेज, रोजच्या गोळ्या आणि ओआरएसच्या दोन पुड्या. पुडी संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. म्हणून साखर-मीठ हवंच. मिठाची वेगळी पुडी जळवांसाठी. आमच्यातले काही जण निपाणीची तंबाखू मोज्यांवर चोळतात, जळवा पळतात, वास मात्र दोन धुण्यांत जात नाही. कागदावर घरचा नंबर, रक्तगट आणि आणीबाणीचा नंबर ११२ लिहून ठेवा. मोबाईल भिजला तर घरचाही नंबर आठवत नाही. उरलेल्या जागेत जुन्या धोतराचा तुकडा कोंबा, खडखड थांबते आणि गढूळ पाणी गाळायला होतो.

गाळलं तरी पाणी उकळायचंच. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. तीन मिनिटांचा नियम २००० मीटरच्या वर, आणि आपल्याकडे तेवढा उंच डोंगरच नाही.

शिधा फार नको. न शिजवता खाता येईल ते आधी: गोकाकचं करदंट, गूळ-शेंगदाणे, फुटाणे. करदंटात डिंक, गूळ, सुका मेवा, एक वडी चढाला पुरते. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, नेऊ नका, दमट हवेत तो बिघडतो आणि दुःख जास्त होतं. शिजवायला पातळ पोहे किंवा मूठभर तांदूळ-मूगडाळ, मीठ-हळद घालून घरूनच मिसळलेली.

चूल आधी ठरवा. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जिथे चालतं तिथे, म्हणजे किल्ल्याखालच्या वाडीत घरमालकाला विचारून, तुपाच्या किलोच्या पत्र्याच्या डब्याची शेगडी उत्तम. खिळ्याने खाली दोन ओळी भोकं, वर चार, पुढे काटक्या घालायला तोंड. भुशाची शेगडी पाहिलेल्यांना शिकवायला नको. पहिला जाळ उघड्यावर करा, रंग जळून जाईपर्यंत वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. किटलीच्या बुडाला बाहेरून राखमातीचा लेप दिला की काजळी हाताने निघते. आजी चुलीवरच्या प्रत्येक भांड्याला द्यायची.

परत आलात की डबा रिकामा करून उन्हात पालथा घाला, झाकण वेगळं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरून ठेवा, फक्त करदंट सोडून. आमच्या घरी ते डब्यात आठवडाभरही टिकत नाही, आणि ते कुंद्यासारखं हवेने बिघडतं म्हणून नव्हे.