दिवाडीवरची हलकीफुलकी रहस्यकथा कशी लिहाल?

गोव्यातल्या मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर माझा जीव आहे. रायबंदर, जुने गोवे की नार्वे, कुठूनही या, फेरीबोटच गाठावी लागते. शेवटची बोट सुटली की चोर बेटावरच अडकला! म्हणून आधी बोटीच्या वेळा वहीत उतरवा.

खून नकोच. ऑगस्टमधल्या बोंदेरा या उत्सवात वाड्यावाड्याचे झेंडे मिरवतात; त्यातला एक आदल्या रात्री गायब करा. एवढ्यावरून गाव पेटलं की हसू आपोआप येतं. मात्र पात्रांची टिंगल नको, त्यांना झेंड्याचं खरंच वाईट वाटू द्या.

तपास पोदेराकडे, म्हणजे गावच्या पाववाल्याकडे सोपवा. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत तो दारोदार जातो. रोज चार पाव घेणाऱ्या मावशींनी आज सहा का घेतले? हे दोन पाव पहिल्याच प्रकरणात, बोलता बोलता पेरून ठेवा.