बर्फाखालचं तळं: हिवाळ्यात या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे दहा बाय आठ फुटांचं तळं आहे, मधोमध साडेतीन फूट खोल. त्यात सात कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आणि थोडे गोल्डफिश. पहिल्या हिवाळ्यात काळजीच्या भरात मी त्यांना जवळजवळ मारलंच होतं.

एअरस्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड, तळाशी ठेवला, ही ती चूक. उन्हाळ्यात तो तिथेच असतो. शिवाय मासे खाली बसतात तर हवाही खालीच सोडावी, असा माझा हिशोब. जानेवारीत एका सकाळी दोन कोई कुशीवर कललेले दिसले. दोरीला थर्मामीटर बांधून सोडला, तर तळाला जेमतेम 1 अंश सेल्सिअस! पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंशांना. म्हणून वर बर्फ धरला तरी तळाशी थोडी ऊब टिकते आणि मासे तिथे निपचित राहून थंडी काढतात. माझे बुडबुडे ती ऊब रात्रंदिवस वर उपसत होते. स्टोन उचलून काठच्या पायरीवर, पाण्याखाली फूटभर ठेवला. दोन-तीन दिवसांत मासे सरळ झाले.

मुळात थंडीत हवा कशाला सोडायची, यातच गल्लत होते. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: 4 अंशांना लिटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम, 25 अंशांना साधारण 8. माशांची गरजही तेव्हा घटलेली असते. घात करतं ते बर्फाचं झाकण. कुजणारी पानं आतला ऑक्सिजन खातात, वरून भर पडत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडसकट सगळे वायू आतच कोंडतात. बुडबुडे लागतात ते बर्फात एक खिडकी उघडी ठेवण्यापुरते. ताटाएवढं भोक पुरतं. ऑक्टोबरात तळ्यावर जाळी टाकून पानं अडवलीत, तर अर्धं काम तिथेच झालं.

भोक बुजलंच तर हातोडा घालू नका; त्या दणक्याची लाट पाण्यातून थेट माशांवर आदळते. उकळतं पाणी ओतणंही नको. पातेल्यात उकळतं पाणी घ्या आणि पातेलंच बर्फावर ठेवा, हळूहळू आरपार उतरेल. पातेल्याच्या कानाला सुतळी बांधा. आमचं एक पातेलं मार्चपर्यंत तळाशी होतं आणि त्यावरून घरात बरंच ऐकून घ्यावं लागलं.

एअरपंप घरघरतोय पण बुडबुडे नाहीत? बहुतेक वेळा नळीच्या झोळात साचलेलं दव गोठलेलं असतं. नळी घरात आणून वितळवा आणि झोळ न ठेवता उतरती लावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

आता पातळी. आमच्या तळ्यात एक इंच म्हणजे जवळपास 190 लिटर, म्हणून ‘इंचभरच तर उतरलंय’ म्हणून सोडू नका. थंडीत पाणी अचानक उतरलं की लोक लायनर (तळ्याचं पाणी धरणारं अस्तर) फाटलं म्हणून घाबरतात. तळ्याला पंपावर चालणारा छोटा धबधबा असेल तर आधी तो बघा. त्याच्या पायऱ्यांवर बर्फाचा बांध तयार होतो आणि पाणी बाजूने वाफ्यात जातं. आमच्याकडे एका रात्रीत वीतभर गेलं होतं. धबधबा दिवसभर बंद ठेवा. पातळी थांबली तर गळती तिथलीच. बंद करूनही उतरत असेल, तर ती जिथे स्थिरावते त्या उंचीवर भोक शोधा. धबधबा थंडीत चालवायचाच असेल तर त्याचा पंप तळाशी न ठेवता विटांवर उचलून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी तळं कोरडं पडणार नाही. मी तर नोव्हेंबरातच बंद करतो.

बाहेरचा नळ थंडीसाठी बंद करण्याआधी तळं काठोकाठ भरा, हे दरवर्षी कोणीतरी विसरतंच. मग डिसेंबरात स्वयंपाकघरातून बादल्या. त्यात ‘बिचाऱ्यांना गारठा नको’ म्हणून कोमट पाणी मिसळू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं. क्लोरीन बादलीत ठेवलं तर उडून जातं, क्लोरामाइन असं सहज जात नाही. क्लोरीन घालवायचं साधं औषध, सोडियम थायोसल्फेट, क्लोरामाइन मोडतं खरं, पण मागे माशांना विषारी असा अमोनिया उरतो, आणि तो पचवणारे जिवाणू थंडीत सुस्त असतात. म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं औषध घ्या आणि ते बादलीतच मिसळा. रबरी पाईप सोडून आत चहाला जाणं तर कोणत्याच ऋतूत नको.

बर्फाखाली पाणी उतरलं की बर्फ आणि पाण्यात पोकळी राहते. काठावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो. अशा बर्फावर कुत्र्याला, मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. भोकातून थोडं थोडं पाणी घालत बर्फाला टेकेपर्यंत भरा.