पेक्स पाइप बसवताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घराचे नूतनीकरण करताना पेक्स, म्हणजे क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीनचा पाइप निवडल्यास तक्रार बहुधा जोडापाशी सुरू होते. पाइप स्वतः क्वचितच फुटतो. सीपीव्हीसी, म्हणजे सॉल्व्हंटने (चिकटद्रवाने) जोडायच्या कडक प्लास्टिक पाइपवर हात बसलेला प्लंबर याही पाइपला तसाच वागवतो, हे त्यामागचे मुख्य कारण.

पॉलिइथिलीनला सॉल्व्हंट धरत नाही, त्यामुळे जोड चिकटवून नव्हे, तर बहुधा फिटिंगवर धातूची रिंग आवळून करावा लागतो. करवतीने तिरका कापलेला पाइप फिटिंगवर पूर्ण बसत नाही. म्हणून पाइपकटरने काटकोनात कापून, रिंग टोकापासून ३ ते ६ मिलिमीटरवर ठेवून आवळावी आणि रिंग नीट आवळली का हे गेजने (मापपट्टीने) तपासावे. बेसिनखाली थेंब दिसताच पक्कडीने तीच रिंग पुन्हा दाबणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, पण त्याने रिंग वाकडी होऊन गळती वाढते. तेवढा तुकडा कापून नव्या रिंगने जोड पुन्हा करावा. प्रसरण पद्धतीची, म्हणजे पाइपचे तोंड रुंदावून बसवायची फिटिंग मुख्यतः पेक्स-ए प्रकारच्या पाइपसाठी असते, ती पेक्स-बी या दुसऱ्या प्रकाराला परस्पर लावू नये.

दुसरी मोठी चूक गच्चीवर होते. अतिनील किरणांनी पेक्स ठिसूळ होतो, तेव्हा टाकीपासूनची उघडी लाइन या पाइपची करूच नये. सौर बंबालाही तो थेट जोडू नये, कारण पेक्सची दाब सोसण्याची क्षमता साधारणपणे ८२ अंश सेल्सिअसला सुमारे ७ बार असते आणि उन्हाळ्यात पाणी न वापरलेल्या बंबाचे तापमान त्यापुढे जाऊ शकते. गिझरपाशी सुरुवातीचे निदान ४५ सेंटीमीटर धातूचा पाइप असावा. गरम पाण्याचा १० मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर जवळपास ५ सेंटीमीटर लांबतो, म्हणून तो ताणून किंवा घट्ट क्लॅम्प करून बसवू नये.

घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे १ बार दाब वाढतो; खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारी झडप) चालू असल्याची सोसायटीकडून खात्री करून घ्यावी.

टाइल्स लावण्यापूर्वी दाबचाचणी करावी. सुरुवातीला दाबमापकाचा काटा थोडा उतरला म्हणून लगेच भिंत फोडायला निघू नये, कारण दाबाखाली पेक्स स्वतःच किंचित फुगतो. दाब पुन्हा भरावा, आणि काटा तरीही उतरतच राहिला तर एकेक जोड कोरड्या कागदाने पुसून ओल शोधावी.